गोल्फच्या बॅगेचं प्रस्थान

विनोदिनीबाई हलगेकरांनी आयुष्यात फारशा गोष्टी नशिबावर सोडल्या नव्हत्या. बेळगावातल्या एका मुलींच्या शाळेत वेळापत्रक लावायचं काम त्या निवृत्त होईपर्यंत त्यांच्याकडंच होतं. कुठल्या सरांना जेवल्यावर डुलकी येते, कुठल्या वर्गात दुपारचं ऊन फळ्यावर पडतं, कुठल्या दोन बाईंचं एकमेकींशी पटत नाही, हे सगळं ध्यानात ठेवून त्या तक्ता आखायच्या. एकदा आखलेला तक्ता हेडमास्तरांनासुद्धा हलवता यायचा नाही. अशा बाईंनी स्कॉटलंडच्या समुद्रकाठची गोल्फची सहल आखायला घेतल्यावर ती कशी आखली असेल, ते वेगळं सांगायला नको.

गोल्फ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर लगेच मोठ्या गाड्या आणि बंगले येतात. हलगेकरांकडं एक स्कूटर आणि टिळकवाडीतलं बैठं घर, एवढाच थाट. मार्तंडराव दिवाणी वकील. वाटण्यांचे आणि बांधांचे दावे लढवण्यात त्यांची हयात गेली. एका निवृत्त सुभेदार अशिलानं त्यांना कधीकाळी कॅम्पाकडच्या जुन्या मैदानावर नेलं, हातात काठी दिली, आणि त्या दिवसापासून वकीलसाहेबांचा रविवार गेला तो गेलाच. पुढं पाठदुखीवर चालणं बरं म्हणून विनोदिनीबाईही जाऊ लागल्या. नवऱ्यापेक्षा त्यांचा फटका आखूड, पण सरळ. स्वभावासारखाच, असं मार्तंडराव चारचौघांत म्हणायचे.

समुद्रकाठच्या मैदानांचं वेड त्यांनी क्लबातल्या जुन्या मासिकांतून घेतलं होतं. समुद्र आणि शेतं यांच्या मधली ती वाळूची पट्टी. पेरायला निकामी म्हणून मेंढरांना सोडलेली. त्याच पट्टीवर तिकडच्या लोकांनी हा खेळ वाढवला. झाड औषधाला मिळायचं नाही, वारा थांबायचं नाव घ्यायचा नाही, आणि गाडीत बसून फिरायचे लाड तर मुळीच नाहीत. वाऱ्यात वाकून पायीच चालायचं. लिंक्स म्हणतात त्याला. "आपल्या बेळगावच्या पावसावाऱ्याला समुद्र जोडला की झालं लिंक्स," असं मार्तंडराव म्हणायचे. जाऊया की कधीतरी, असंही म्हणायचे. ते कधीतरी आधी चिन्मयीच्या, म्हणजे मुलीच्या लग्नानंतर होतं, मग वकिली आवरल्यावर होतं, आणि मग मार्तंडरावांना काचबिंदू निघाला.

काचबिंदू दुखत नाही, हाच त्याचा हलकटपणा. कडेकडेची नजर खात तो गुपचूप आत सरकतो, आणि माणसाला वाटत राहतं की हल्ली लोकच अचानक समोर येऊन उभे राहतात. डॉक्टर सरळ बोलणारे होते. "गेलेली नजर परत येत नाही, वकीलसाहेब. आहे ती औषधानं धरून ठेवू. किती दिवस, ते मला विचारू नका. पण काय बघायचं असेल ते बघून घ्या."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मार्तंडराव एवढंच म्हणाले, "स्कॉटलंड राह्यलं की गं." त्याच संध्याकाळी विनोदिनीबाईंनी पट्टी आणि पेन्सिल काढली.

कुठलं मैदान समुद्राच्या कुठल्या अंगाला आहे, सकाळचं ऊन तिथं कुठून येतं, ते आधी पाहिलं. ऊन समोरून आलं की मार्तंडरावांना सगळं पांढरंफटक दिसायचं. म्हणून सूर्य पाठीशी राहील अशाच वेळा त्यांनी प्रत्येक क्लबाकडं मागितल्या. एक दिवस खेळ, एक दिवस विश्रांती. एक मैदान रविवारी बंद ठेवून गावकरी त्यावर कुत्री फिरवतात हे कळल्यावर कपाळाला आठ्या घालून त्यांनी तो रविवार दुसरीकडं हलवला. नवऱ्याच्या शेजारून चालत चेंडू कुठं पडला ते सांगायची परवानगी मागितली, आणि सगळ्यांनी ती आनंदानं दिली. तक्त्याच्या मध्यावर, लाल चौकटीत, मार्तंडरावांनी जन्मभर जप केलेलं नामांकित मैदान. तिथं मात्र हँडिकॅपची अट होती. हँडिकॅप म्हणजे खेळाडू किती कच्चा आहे त्याचा आकडा. जितका लहान तितका खेळाडू चांगला. मार्तंडरावांचा आकडा अटीत बसला. जेमतेम बसला, पण बसला.

गोम इथंच होती. मार्तंडरावांचे डोळे अधू होत चालले होते, आणि खेळ मात्र सुधारत चालला होता.

मारलेला चेंडू त्यांना दिसायचा नाही. फटका मारून ते विचारायचे, "कुठं गेला गं?" पहिल्यांदा पहिल्यांदा विनोदिनीबाई खरं ते सांगायच्या. झाडीत गेला. ओढ्यात गेला. मग मार्तंडरावांचं तोंड असं उतरायचं की त्यांना ते बघवायचं नाही. एकदा चेंडू गवतात शिरलेला असताना त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मधोमध." मग ते खरं करायला त्या भराभरा पुढं गेल्या आणि बुटाच्या टोकानं चेंडू कापलेल्या हिरवळीवर ढकलून मोकळ्या झाल्या. एकदा केलं ते अंगवळणी पडलं. खेळाडूचे फटके मोजून त्याच्या कार्डावर सही करणारा एक मार्कर असतो. मार्तंडरावांच्या मार्कर म्हणजे विनोदिनीबाईच. तेव्हा विचारणार कोण? क्लबातली मंडळी पाठ थोपटायची, "वकीलसाहेब, म्हातारपणी फॉर्मात आलासा की!" उभ्या नोकरीत कॉपी करणाऱ्या पोरींना वर्गाबाहेर काढणाऱ्या बाईंनी स्वतःच्या या उद्योगाला 'मदत' असं नाव दिलं होतं.

गौरी-गणपती बोळवले आणि विमानाचा दिवस तोंडावर आला. घरात बॅगा उघड्या पडल्या होत्या. एका संध्याकाळी हातमोजे निवडता निवडता मार्तंडराव थांबले आणि म्हणाले, "मी न्हाय येत."

"बरं वाटत न्हाय काय?"

"बरं हाय. जायचं न्हाय."

"का पण?"

"न्हाय म्हटलं की न्हाय. पुढच्या वर्षी बघूया."

पुढच्या वर्षी! पुढच्या वर्षी काय बघणार होते ते? भिंत धरून न्हाणीघरात जाता आलं तरी पुष्कळ. हे त्यांना ठाऊक होतं आणि मार्तंडरावांनाही ठाऊक होतं, तरी माणूस हातमोजे परत कपाटात ठेवत होता.

त्या चिडल्या, विनवण्या केल्या, रात्री जेवल्या नाहीत. बंगळूरहून चिन्मयीनं फोन केला. मार्तंडरावांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि फोन आईच्या हातात परत दिला. कारण काही केल्या सांगेनात. कारण दिलं की त्याची उलटतपासणी होते, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? विनोदिनीबाईंना एकच कळत होतं, की गडी कशाला तरी भ्यालाय, आणि त्या भिण्यापायी हाताशी आलेला समुद्र निसटणार आहे.

शेवटी त्यांना आक्काताई आठवल्या.

आक्काताई म्हणजे मार्तंडरावांची थोरली बहीण. आईनं अंथरूण धरलं तेव्हा शाळा सोडून त्यांनीच या भावाला वाढवलं होतं. आता त्या सदलग्याला, आपल्या घरी. भल्या भल्या न्यायाधीशांसमोर आवाज चढवणारे मार्तंडराव आक्कासमोर मात्र आजही खाली बघून बोलायचे. विनोदिनीबाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन लावला.

"आक्का, आमचं विमान पितृपक्षात हाय बघा. चालतंय न्हवं?"

उत्तर त्यांना पाठ होतं. आणि ते तसंच आलं.

"अगं बया! म्हाळात परगावी? म्हाळ लागायच्या आत परस्तान ठेवलं पायजे गं. थांब, मी येतो."

निघायचा दिवस चांगला नसला, तर आधीच्या चांगल्या दिवशी सामानातली एखादी वस्तू दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची, याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघाला. आणि एकदा निघालेलं प्रस्थान परत घराच्या उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही. ते उचलायचं ते गावाला जायलाच. विनोदिनीबाईंचा या सगळ्यावर काडीचा विश्वास नव्हता. त्यांचा विश्वास होता तो आक्काताईंच्या विश्वासावर.

आक्काताई दुपारच्या बसनं आल्या, पाणी प्यायल्या आणि उभ्या उभ्या विचारलं, "मार्तंडाचं खास असं काय हाय ह्यात?" विनोदिनीबाईंनी कोपऱ्यातली गोल्फची बॅग दाखवली. आक्काताईंनी सुपारी, हळकुंड आणि मूठभर तांदूळ एका फडक्यात बांधून ती पुरचुंडी बॅगेच्या पट्ट्याला गाठवली. सगळ्यात लांब काठीच्या डोक्याला कुंकू लावलं. मार्तंडराव दारात उभे होते.

"आक्का, ऐक जरा. मी काय म्हणतो..."

"आदी पाया पड रं, मग म्हण."

ते वाकले. आक्काताईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "जाऊन ये. डोळं भरून बघून ये, बाळा." त्यानंतर मार्तंडरावांना काही म्हणता आलं नाही. प्रस्थान जायच्या दिशेला ठेवतात, विमान पश्चिमेला जातं आणि बॅग ठेवायची ते बेळगावातलं वडगाव तर दुसरीकडं, अशी शंका विनोदिनीबाईंनीच उगाच काढली, तर आक्काताई म्हणाल्या, "उडणारं वाहन ते, त्याला कसली दिशा?" बॅग रिक्षात घालून त्यांनी वडगावला नेली, लहानपणची मैत्रीण नागुबाई हिच्या घरी ठेवली, आणि अनंत चतुर्दशी घरी करायची म्हणून परस्पर सदलग्याची बस धरली.

त्या रात्री विनोदिनीबाईंना गाढ झोप लागली. जेवताना मार्तंडराव एवढंच म्हणाले होते, "झकास आखलंस." बाईंनी ते कौतुक म्हणूनच घेतलं.

दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. संध्याकाळी दुकानं बंद होणार म्हणून विनोदिनीबाई परदेशात पुरतील एवढे डोळ्यांचे थेंब आणायला बाहेर पडल्या. दुकानात गर्दी, रस्त्यात गर्दी. परत यायला दिवे लागले. दार नुसतं पुढं ओढलेलं होतं.

"अहो?"

घरात कुणी नव्हतं. चपलांच्या जागी चपला नव्हत्या. आणि दारामागच्या खुंटीवर स्कूटरची किल्ली नव्हती.

डॉक्टरांनी सांगितल्यापासून मार्तंडरावांनी स्कूटरला हात लावला नव्हता. ती किल्ली त्यांनी स्वतःच्या हातानं खुंटीला अडकवली होती. ते कुठं गेले असतील, हे ओळखायला बाईंना क्षणही लागला नाही. आक्का गावाला गेलेली, सगळं बेळगाव मिरवणुकीत गुंतलेलं, अशात गुपचूप जाऊन बॅग परत आणायची. आक्काला कळलंच नाही तर वाईट तरी कशाला वाटेल? वकिलाचं डोकं. आणि त्या वकिलाला दिवेलागणीला, निम्म्या नजरेनिशी, स्कूटरवर बसवलं कुणी? दुसऱ्या कुणी नाही. तक्ता आखणाऱ्या बाईंनी.

रिक्षावाला मिळाला, पण कोपऱ्याकोपऱ्यावर रस्ते अडवलेले. "इथनं सोडत न्हाईत, बाई. फिरून जाऊया," तो म्हणायचा, आणि फिरून गेलं की पुढं आणखी एक मंडळ, ढोल, आणि गरगर फिरणारे दिवे. त्या दिव्यांनी विनोदिनीबाईंचेच डोळे दिपत होते. मार्तंडरावांचं काय झालं असेल? एका चौकात माणसांचा घोळका दिसला आणि घोळक्याच्या पायांतून आडवी पडलेली पांढरी स्कूटर दिसली. त्यांची स्कूटरही पांढरीच. "थांबवा," एवढंच त्या बोलल्या आणि चालत्या रिक्षातून जवळजवळ उतरल्याच. माणसं ढकलत आत गेल्या. कुणी तरुण पोरगा दुभाजकावर बसून गुडघा धरून पाणी पीत होता. स्कूटर त्याची होती. विनोदिनीबाईंना इतकं हलकं वाटलं, की दुसऱ्याच्या पोराला लागलेलं बघून आपण सुटकेचा श्वास टाकला, याची लाज वाटायलाही उशीर लागला.

पुढं रिक्षा जाईना. त्या चालत निघाल्या, आणि मग वयाला न शोभेल अशा पळत सुटल्या. वडगावात शिरल्यावर ढोलांचा आवाज मागं पडला. एरवी या विणकरांच्या गल्ल्यांतून मागांच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. आज सणापायी माग बंद होते आणि गल्ली चिडीचूप होती. नागुबाईच्या बोळाच्या तोंडाशी त्यांची स्कूटर पडली होती. या खेपेला ती खरोखरच त्यांची होती. पुढचा दिवा फुटलेला, शेजारी एक हातगाडी कलंडलेली आणि रस्ताभर भाजक्या शेंगा. गाडीवाला शेंगा गोळा करत बडबडत होता.

"हे कुठं हायत? ही गाडी चालवणारे?"

"ते काय, म्हातारीच्या दारात. समोरनं एवढी गाडी येतीया ती दिसत न्हाय? डोळं हायत का बटणं त्यांचं?"

पुढं त्या चालल्या की पळाल्या, ते त्यांना नंतर आठवेना.

नागुबाईच्या घराची पुढची खोली म्हणजे मागाची खोली. बंद मागाला टेकून गोल्फची बॅग उभी होती, काठीच्या डोक्यावर कालचं कुंकू तसंच. पायरीवर मार्तंडराव बसले होते. सदऱ्याची बाही फाटली होती आणि कोपरावर नागुबाईनं हळद दाबली होती. दुसरं काही लागलेलं नाही, हे डोळ्यांनी चाचपून झाल्यावर विनोदिनीबाई तिथंच खाली बसल्या. नागुबाई दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी धरून उभी होती.

"बरं झालं तू आलीस. ह्यो बॅग मागतोय. मी न्हाय देत. ह्या उंबऱ्यातनं ती भाईर जाईल ती गावाला जाईल. घरला न्हाय. आक्काला काय तोंड दावू मी?"

"नागूआक्का, जरा आत जातीस?" मार्तंडराव म्हणाले. म्हातारी बडबडत आत गेली.

मग मार्तंडरावांनीच विषय काढला. "परस्तानाचं आक्काला तूच सुचवलंस."

"व्हय."

"ते बरीक कबूल केलंस. आता दुसरं. ओढ्याजवळचं आंब्याचं झाड आठवतंय? मी मारलेला चेंडू त्याच्या फांदीला लागला. ठक्कन आवाज आला. मला दिसत न्हाय, पण ऐकू येतंय की. मी इचारलं, कुठं गेला. तू म्हणालीस, मधोमध. आणि जाऊन बघतोय तर चेंडू खरंच हिरवळीच्या मधोमध."

"कधीपासनं ठाऊक हाय तुमाला?"

"पावसाळ्याच्या आधीपासनं."

"मग बोलला का न्हाईसा?"

"वाटलं, एखाद्या दिवशी तू होऊन सांगशील." त्यांनी कोपरावरची हळद उगाच चाचपली. "लोक माझी पाठ थोपटतात, विनोदिनी. जन्मभर खोट्या साक्षी उलट्यापालट्या केल्या मी, आणि घरातली साक्ष... बरं, ते जाऊ दे. आज त्या गाडीवर आदळलो न्हवं, तवा कळलं, मला वाटतंय त्याच्यापेक्षा कमी दिसतंय. डावीकडचं तर गेलंच. म्हंजे तिकडं समुद्राकाठी जाऊन मी जे काय बघणार, ते तुझ्या तोंडानं बघणार. चेंडू तू सांगशील तिथं, लाट तू सांगशील तशी. आणि तुझं तोंड खोटं निघालं तर मी कुणाच्या तोंडानं बघू? म्हणून न्हाय म्हटलं मी. एवढंच कारण."

विनोदिनीबाईंकडं सबबी पुष्कळ होत्या. त्यांतली एकही त्यांनी काढली नाही. त्या म्हणाल्या, "चेंडू हरवला की तुमचं तोंड असं व्हायचं, मला भ्या वाटायचं. वाटायचं, ह्याच्यानंच खचतील. माझं चुकलं."

"तोंड माझं. ते कसं करायचं ते माझं मला ठरवू दे की," मार्तंडराव म्हणाले.

बॅग तिथंच राहिली. शेंगावाल्याची नुकसानी भरून, स्कूटर नागुबाईच्या अंगणात लावून दोघं बाहेर पडले. रिक्षा मिळेपर्यंत मार्तंडरावांनी बायकोचा दंड धरला होता. येणार की नाही? विचारायची विनोदिनीबाईंची छाती होईना. टिळकवाडीत उतरताना ते म्हणाले, "येतो. पण अट हाय. तिथं चेंडू समुद्रात गेला तर समुद्रात गेला म्हणायचं. मधोमध म्हणशील तवा तो मधोमधच असला पायजे."

"असंल."

"आणि ह्या वर्षाची कार्डं रद्द करून यायची. तूच जाऊन."

कार्डं रद्द म्हणजे जुना हँडिकॅप परत. जुना हँडिकॅप म्हणजे लाल चौकटीतलं मैदान गेलं. "अहो, ते एक मैदान झाल्यावर..."

"बघ, लागलीस लगेच आखायला," मार्तंडराव म्हणाले आणि कुलपासाठी किल्ली मागत हात पुढं केला.

दुसऱ्या दिवशी विनोदिनीबाई एकट्याच क्लबात गेल्या. सेक्रेटरीच्या टेबलासमोर उभ्या राहून त्यांनी सांगितलं, की या वर्षीच्या कार्डांवर मार्कर म्हणून आपली सही आहे, आणि ती खोटी आहे. शेजारी पेपर वाचणाऱ्या दोघांनी पेपर खाली केले. सेक्रेटरी भला माणूस; त्यानं "असू दे हो बाई" म्हणून विषय संपवायचा प्रयत्न केला. बाईंनी तो संपवू दिला नाही. घरी येऊन नामांकित मैदानाला नकार कळवला, आणि तक्त्यातली लाल चौकट स्वतःच्या हातानं खोडली. ती खोडताना रडू आलं, तेव्हा मात्र त्यांनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

निघायच्या दिवशी पहाटे गाडी आधी वडगावला गेली. नागुबाईनं बॅग स्वतः उचलून दिली.

स्कॉटलंडातलं पहिलं मैदान एका लहानशा गावाचं होतं. तक्त्यात त्याच्यापुढं नुसतं 'सराव' असं लिहिलेलं. हँडिकॅप इथं कुणी विचारत नव्हतं. पत्र्याची एक खोली, वाळूच्या टेकड्या, पिवळं गवत आणि त्यापलीकडं करडा समुद्र. मार्तंडरावांनी मान हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. त्यांना तो तुकड्यातुकड्यानंच दिसत होता. "लाटा मोठ्या हायत?" त्यांनी विचारलं.

"न्हाईत. बारक्या हायत. आणि कडेला फेस घाण हाय जरा."

"बरं," मार्तंडराव म्हणाले.

सूर्य पाठीशी होता. बॅगेच्या पट्ट्याला पुरचुंडी अजून तशीच होती. मार्तंडरावांनी चेंडू हातानं चाचपून ठेवला, पाय रोवले, वाऱ्याचा अंदाज घेतला आणि काठी फिरवली. आवाज चांगला आला. विनोदिनीबाई चेंडूवर नजर ठेवून होत्या. चेंडू वाऱ्याखालून सरळ गेला, टेकडीच्या अलीकडं पडला, उड्या मारत घरंगळला आणि कापलेल्या हिरवळीच्या ऐन मध्यावर थांबला.

"कुठं गेला गं?"

जगातला कुठलाही दुसरा शब्द चालला असता. गवतात म्हणाल्या असत्या तर मार्तंडरावांनी डोळे झाकून विश्वास ठेवला असता.

"मधोमध," त्या म्हणाल्या.

मार्तंडरावांनी पूर्ण मान वळवून त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. मग चालू लागले.

विनोदिनीबाई मुद्दाम मागं राहिल्या. त्यांच्यापुढं एक पाऊलही टाकायचं नाही, असं ठरवून. वाट संपता संपेना. मार्तंडराव उजवीकडं झुकले तेव्हा "थोडं डावीकडं" एवढंच त्या बोलल्या. चेंडूपाशी मार्तंडराव थांबले. वाकून पाहिलं. मग चेंडू तिथंच ठेवून ते पावलं मोजत डावीकडच्या उंच गवतापर्यंत गेले, परत आले, आणि तितक्याच सावकाश उजवीकडच्या गवतापर्यंत गेले. उभ्या जन्मात त्यांनी असे कितीतरी बांध मोजले होते. उजवीकडून परत आले तेव्हा त्यांचं तोंड समुद्राकडं होतं, आणि विनोदिनीबाईंना ते दिसत नव्हतं.

"दोन्हीकडं सारखंच भरतंय की गं," ते म्हणाले.

मग त्यांनी पुढची काठी मागितली. विनोदिनीबाईंनी बॅगेत हात घातला, पण डोळ्यांतल्या पाण्यानं त्यांना काठ्यांवरचे आकडेच दिसेनात. शेवटी मार्तंडरावांनी हातानं चाचपून ती स्वतःच काढली.